बाईचा गेर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय राजारामबापू, कोरेगावहून एवढी धूळ खात आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आरोग्य समितीचे सभासद, साताऱ्याचं गॅरेज बंद ठेवून आलेले आमचे रहिमान मिस्त्री, शाळेचे गुरुजन, समोर बसलेल्या आयाबहिणी आणि जागा असूनही भिंतीला टेकून उभी राहिलेली तरणी मंडळी, आपणा सर्वांना या नाथाजीचा नमस्कार.

खरं तर यात एक नाव सगळ्यांच्या आधी घ्यायला हवं होतं. ज्यांच्यासाठी हा मांडव घातला, त्या आपल्या दवाखान्याच्या नर्स लीलाबाई. पण तुम्ही बघताच आहात, त्यांची खुर्ची रिकामी आहे. गळ्यात हार पडतो न पडतो तोच खालच्या वस्तीवरून सांगावा आला, आणि बाई हारासकट उठून पिकअपमध्ये जाऊन बसल्या. उद्या सकाळी त्यांना तासगावला बदलीच्या जागी निघायचं आहे. आजच्या दिवस तरी माणूस खुर्चीला पाठ टेकेल की नाही? तर नाही. अध्यक्षांनी माझ्या कानात सांगितलं, "नाथाजी, बाई येस्तवर बोलत ऱ्हावा. एकदा माणसं उठली की परत गोळा व्हायची न्हाईत." म्हणून मी उभा आहे.

आणि लपवून तरी काय ठेवायचं? सांगावा माझ्याच मुलीचा होता, अंजनाचा. दिवस भरायला अजून अवकाश होता. येत्या रविवारी तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण पोटातल्या जिवाला पंचांग कोण दाखवणार? मी गाडीकडं धावलो, तर बाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, बापमाणूस गाडीत नको, तुम्ही ड्रायव्हरला शिकवत बसता. आमची मंडळी हरणाबाई तेवढी बरोबर गेली, आणि मी इथं गळ्यापर्यंत बटणं लावून तुमच्यापुढं उभा आहे. तेव्हा माझं बोलणं इकडंतिकडं गेलं तर सांभाळून घ्या. माझा एक कान तुमच्याकडं आहे, दुसरा कवठीच्या खिंडीकडं.

सत्काराच्या भाषणात गुण गायचे असतात, हे मला माहीत आहे. माझ्या आधी बोललेल्या गुरुजींनी बाईंना 'मनमिळाऊ' म्हटलं. गुरुजी, माफ करा, पण मनमिळाऊ? लीलाबाई? ज्या घरात बाईंनी भांडण केलं नाही असं एक घर या गावात दाखवा. बाळंतिणीच्या खोलीत धूर केला म्हणून भांडण, पोराच्या नाळेला राख लावली म्हणून भांडण, सासूनं दूध तोडलं म्हणून भांडण. माझ्याशी तर त्या गिअरबॉक्सवरून भांडल्या. मी लष्कराच्या वर्कशॉपात हवालदार होतो. तिथं मोठमोठे साहेब माझ्याशी गिअरबॉक्सवर बोलताना जरा दबून असायचे. पण या बाई दबणाऱ्यातल्या नव्हेत.

थांबा जरा. मोटारीचा आवाज येतोय का? ... नाही. ती एसटी. चालू द्या.

डॉक्टरसाहेब या तालुक्यात नवे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी पिकअपची हकीकत सांगतो. बाकीच्यांनी ती शंभरदा ऐकली आहे, त्यांनी पान खायला हरकत नाही. आपलं गाव वर माळावर आणि वस्त्या खाली ओढ्याकाठी. मधे कवठीची खिंड. खालच्या बाईला कळा लागल्या की तिला बाजेवर घालून चार गड्यांनी चढ चढायचा, ही जुनी रीत. लीलाबाई आल्या आणि त्यांनी हट्ट धरला की गावाला गाडी पाहिजे. वर्गणी झाली, लष्कराच्या लिलावातली एक पिकअप आली. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या पेट्रोल इंजनाच्या ब्लॉकला चीर गेली. मग रहिमान मिस्त्रींनी एका उलथलेल्या ट्रकचं डिझेल इंजन मिळवलं. गावाला वाटलं, झालं काम. पण इंजन मिळालं म्हणजे गाडी झाली असं समजणं म्हणजे नवरी मिळाली की संसार झाला असं समजण्यासारखं आहे.

इंजनाचा जोर चाकाला पोचवते ती गिअरची पेटी. पेट्रोलचं इंजन घाईचं, डिझेलचं सावकाश चालीचं पण अंगात रेटा असलेलं. एकाची पेटी दुसऱ्याला चालत नाही. तोंडाची भोकं जुळत नाहीत, दांड्याचे दाते क्लचप्लेटमध्ये जात नाहीत, आणि हे सगळं जुळवलं तरी पहिला गेर त्या चढाला पुरेल का, हा प्रश्न उरतोच. मी तेव्हाच समितीला सांगितलं होतं की पेटी नुसती बसून भागत नाही, तिनं ओझं पेललंही पाहिजे. आणि म्हणून चार गेरचीच आणा.

आता अध्यक्ष महाराज, तुमची क्षमा मागून पुढचं बोलतो. पेटी आणायला तासगावला गेले ते आपले राजारामबापू. बापू परत आले ते एसटीच्या टपावर पोतं टाकून, छाती पुढं काढून. पोतं सोडलं. मी दांडा हलवून बघितला. पहिला, दुसरा, तिसरा, आणि चौथ्याच्या जागी उलटा. म्हटलं, "बापू, ही तीन गेरची हाय." बापू म्हणाले, "आवं हवालदार, उलटा धरून चार. मागं जायाला लागतंय तो काय फुकाट हाय व्हय?"

हसू नका. तुम्हीही तेच म्हणाला होता सगळे. आपल्याकडं उलटा धरूनच मोजतात. तासगावच्या व्यापाऱ्यानंही तसाच मोजला, त्यानं काही फसवलं नाही. लष्करात पुढचेच मोजतात, हे गावाला आधी सांगायला हवं, हे मला तरी कुठं सुचलं होतं? आणि खरी गोम पुढं आहे. ती पेटी बसली! रहिमान मिस्त्रींनी मधे एक लोखंडी चकती लेथवर काढून घातली आणि ती अशी बसली की जणू त्याच इंजनासाठी ओतली होती. बसली म्हटल्यावर नाथाजीचं कोण ऐकतो? नारळ फुटला, गुलाल उधळला, मी रुसून घरी बसलो. माझा राग तसा वाईटच आहे.

मग बनाबाईची वेळ आली. बनाबाई, तू समोर बसली आहेस. तुला नको असेल तर मी हे गाळतो. ... बरं. ती मान हलवतेय, म्हणून बोलतो.

ती गाडीत, लीलाबाई तिच्याजवळ, आपला ड्रायव्हर धनाजी चाकावर. चढाच्या मधल्या वळणावर गाडी अडली. ती तीन गेरची पेटी हलक्या मोटारीची, तिचा पहिला गेर उंच. इंजन गुदमरायला लागलं की धनाजी क्लच दाबायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा दाबायचा. क्लचप्लेट जळाली, गाडी मागं घसरायला लागली. चाकाखाली धोंडे लावले, वस्तीवरून बैल आणायला माणूस धाडला. बैल येऊन गाडी वर ओढीपर्यंत व्हायचं ते झालं. मूल झालं, पण रडलं नाही.

रस्ता ऐकू येतोय का कुणाला? दाराजवळच्यांनी जरा बाहेर लक्ष ठेवा, गड्यांनो.

लोक धनाजीला बोलले, बापूंना बोलले, काही रहिमानला बोलले. लीलाबाई कुणालाच बोलल्या नाहीत, आणि तेच भयंकर होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गाडीला काय झालं ते मला कळेल असं सांगा. मी सांगितलं की गाडी चढ चढते ती जिन्यासारखी, आणि या पेटीची पहिलीच पायरी गुडघ्याएवढी आहे. ओझं घेऊन तिच्यावर पाऊल टाकायला गेलं की माणूस कोलमडतो. त्या म्हणाल्या, "मग बुटकी पायरी आणू. चला." मी म्हटलं, कुठं? म्हणाल्या, "तुमालाच ठाऊक. मी एसटीची वेळ बघून आलेय." माझ्या पायात तेव्हा चपलासुद्धा नव्हत्या.

सांगलीला मोडीच्या बाजारात आम्ही हिंडलो. मी पेटी पसंत करायचा आणि बाई नापसंत करायच्या. त्यांना गेरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक पेटीला एकच विचारायच्या, "हिचा पहिला किती हळू?" शेवटी एक ट्रकची पेटी मिळाली. पुढचे चार, उलटा वेगळा. पहिला गेर असा की इंजन जोरात फिरतंय आणि गाडी गोगलगाय. बाई म्हणाल्या, ही. पेटी साताऱ्याला नेली तर रहिमान मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. हवालदार, ही वीतभर लांब आहे, मागचा शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागेल, दांडा ड्रायव्हरच्या मांडीत येईल, आणि सपाटीला ही पिकअप टॉपमध्येही रेड्यासारखी चालेल. डॉक्टरसाहेब, मिस्त्री अक्षर न् अक्षर खरं बोलले. आजही कोरेगावला जाताना आपल्या गाडीला सायकलवाले मागं टाकतात आणि आत बसलेला माणूस मला शिव्या घालतो. पण बाईंनी एवढंच म्हटलं की सपाटीवर कोण मरत नाही, मिस्त्री. मग रहिमाननी शाफ्ट कापला, आणि असा जोडला की आजवर हूं की चूं नाही.

गाडी तयार झाली तेव्हा खालच्या वस्तीवर, चढाच्या तोंडाशी, सगळं गाव जमलं. नारळ हातात घेऊन बापू पुढं झाले, तर बाईंनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, आधी मी झोपणार. आणि खरंच, मागच्या फळीवर आडव्या झाल्या. "एक लोटा पाणी द्या काठोकाठ. पोटावर ठेवते. हिंदकळलं तर बाई बसवायची न्हाई गाडीत."

आणि डॉक्टरसाहेब, लोटा आणायला कुणी हललं नाही. हे व्यासपीठावरून बोलायचं नव्हतं, अध्यक्षांनी मला तशी ताकीदही दिली आहे, पण आज माझा जिभेवर ताबा नाही. बाई बौद्ध. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली. आपल्या गावाला बाळंतपणात बाईंचा हात चालायचा, पोर हातात घेतलेलं चालायचं. पण आपल्या देवघरापुढून आणलेला लोटा त्यांच्या पोटावर? जो तो दुसऱ्याच्या उंबऱ्याकडं बघायला लागला. बाई तशाच पडून वरच्या ताडपत्रीकडं बघत होत्या. त्यांना काय कळलं नसेल?

तेव्हा बनाबाई उठली. घरात गेली, पितळी लोटा भरून घेऊन आली, आणि आपल्या हातानं बाईंच्या पोटावर ठेवला.  मग फळीला हात लावून गाडीबरोबर चालायला लागली.

पहिल्या फेरीला आमचे धनाजी ड्रायव्हर ऐटीत निघाले ते दुसऱ्या गेरात. ट्रकवाल्यांची तशी चालच आहे, पहिला फक्त भरल्या गाडीला. एक हिसका बसला आणि बाई गळ्यापर्यंत भिजल्या. ओल्या लुगड्यानं उठून बसल्या आणि म्हणाल्या, "धनाजी, पहिला काय शोभंला ठेवलाय व्हय रं? तुजी आई असती आत, तर?" धनाजीनं मान खाली घातली. लोटा पुन्हा भरला. दुसऱ्या फेरीला गाडी पहिल्यात उठली आणि पहिल्यातच खिंड चढली, इतकी हळू की सगळं गाव बाजूनं चालत होतं. वर पोचल्यावर बनाबाईनं लोटा उचलला. पाणी होतं तसंच होतं.

तेव्हापासून आपल्या गावात पहिल्या गेरला पहिला कुणी म्हणत नाही. 'बाईचा गेर' म्हणतात. चढावर गुंगुंगुं असा बारीक रडका आवाज आला की माणूस वैरण कापता कापता हात जोडतो, कारण आत कुणीतरी आहे हे कळतं. रिकामी गाडी धनाजी दुसऱ्यात आणतो. आवाजावरनंच ...

थांबा. कर्णा बंद करा. बंद करा म्हणतो ना! ती बॅटरीची घरघर नको.

आली. ओढा ओलांडला तिनं. दुसऱ्यात आहे. तिथं सपाटी आहे, म्हणून दुसऱ्यात. आता कवठीचं झाड. आता ... पडला. ऐकलंत? पहिला पडला. डबल क्लच अगदी बरोबर मारला धनाजीनं. बाईचा गेर. म्हणजे अंजना गाडीत आहे. चढाला लागली. येऊ दे, येऊ दे. सावकाश येऊ दे.

हं, तर मी काय सांगत होतो? लीलाबाईंच्या कार्याचा ... नाही, माझ्याच्यानं ते शब्द आता होणार नाहीत. ऐका नुसतं. मधलं वळण आलं असेल आता.

बंद झाली.

बसा. सगळे बसा. कुणी पळायचं न्हाई. बापू, तुमीबी बसा. मला ऐकू द्या.

मरणारं इंजन असं थांबत न्हाई. ते खोकतं, आचके देतं, गाडी हादरवतं. हे एकदम थांबलं. धनाजीनं बंद केलंय. म्हंजे बाईंनी सांगितलंय थांब म्हणून. गाडी त्याच वळणावर उभी हाय, पण इंजन बंद करून पहिल्यात अडकवली की ती मागं सरकायची न्हाई. या पेटीचा पहिला गेर गाडीला डोंगरावर धरून ठेवतो. मी सांगतो ना. रहिमान, सांगा की यांना. सरकती का? ... बघा, मिस्त्रीबी न्हाईच म्हणत्यात.

पण थांबवली कशाला?

बनाबाई निघाली. तिला वाट द्या. जाऊ द्या तिला, अडवू नका.

अध्यक्ष महाराज, तुम्ही खुणावताय की बोलत राहा. काय बोलू? माणसं शांत राहावीत म्हणून बोलायचं असतं, हे मला कळतं. पण गाव शांतच आहे, घाबरलोय तो मी एकटा. मी लढाईत मोटारी दुरुस्त केल्या, वरनं गोळे पडताना केल्या, पण असं हात बांधून उभं राहायची वेळ आली नव्हती. अंजना माझी एकुलती. ती लहान असताना मी सगळी वर्षं पलटणीत काढली. तिचं चालणं, बोलणं, काहीच बघितलं नाही. लग्नात पहिल्यांदा नीट बघितली असं म्हटलं तरी चालेल. आणि आत्ता ती त्या वळणावर आहे, आणि तिच्याजवळ कोण आहे? जिचा सत्कार करायला आपण डॉक्टरसाहेबांना बोलावलं ती. मला लीलाबाईंविषयी एवढंच सांगायचं होतं. या तालुक्यातला कुठलाही मोठा माणूस आत्ता माझ्या मुलीजवळ असता, तरी मी म्हटलं असतं, त्याला उतरवा आणि लीलाबाईंना बसवा. हे खरं आहे. माझं पुरतं भाषण एवढंच आहे.

... चालू झाली. उठली! पहिल्यातच उठली, एक आचका नाही. चढतेय. या, या. वळण सुटलं. खिंड ... खिंड ओलांडली. सपाटीला आली.

पण दुसरा का टाकत नाही हा? माळावर आली तरी बाईच्याच गेरात आहे. धनाजी, टाक की रं दुसरा. इतकं हळू कशापायी आणतोय? हळू दोनच वेळा आणतात, आत जपायचा जीव असला की, नाहीतर जीव गेलेला असला की. हरणाबाई तरी काही ओरडून ... नाही, कुणीच काही ... दवाखान्यापाशी थांबली.

कोण येतंय ते? पदर खोचून कोण पळतंय? वाट द्या. बनाबाई? काय झालं? इथं पुढं ये. सगळ्यांसमोर सांग, जे असंल ते सांग.

"आबा, लेक झाली. गाडीतच झाली, त्या वळनाव. अंजनाबी बरी हाय. आन् पोरगी आवं, लय रडतीया. खिंडीपास्नं रडायचीच थांबंना."

...

मला जरा पाणी द्या.

बनाबाई, हे सांगायला तू आलीस. दुसरं कुणी आलं असतं तर मी एवढा ... नाही, बस. तू बस इथं. या रिकाम्या खुर्चीवर बस. अध्यक्षांची हरकत नसावी. बाईंनी काय निरोप दिलाय म्हणतेस? त्या येणार नाहीत? बाळंतीण सोडून येता येणार नाही, तुम्ही तुमचा कार्यक्रम उरकून घ्या. ऐकलंत ना? निरोप समारंभाला सत्कारमूर्तीला सवड नाही. आहे का काही उत्तर तुमच्याकडं?

तेव्हा आता आटोपतं घेतो. प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब इतक्या लांबून आले, त्यांचे आभार. रहिमान मिस्त्रींचे आभार मी व्यासपीठावरून मानत नाही, घरी येऊन मानतो. बापूंची थट्टा केली, गावाच्या वर्मावर बोट ठेवलं, मधेच गावरान बोललो, एकदा ओरडलोसुद्धा. बापाचं काळीज होतं एवढं समजा आणि उणंअधिक पोटात घाला.

राहिला तो बाईंचा निरोप. आपल्यात उंबऱ्यातून निघणाऱ्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. ते कुणीतरी त्यांना म्हणायला पाहिजे. सकाळी एसटीपाशी गर्दीत म्हणायची ही गोष्ट नव्हे, आणि आत्ता तर त्यांच्या हातात माझी नात आहे. मला आता वाट द्या मंडळी. मी दवाखान्यात जातो, पोरीला बघतो, आणि बाईंना माझ्या तोंडानं म्हणतो, लीलाबाई, या. माझं घर तुमचं आहे, लोट्यापास्नं देवघरापर्यंत.